नवव्या गाण्यावरचं नाव

आमच्या मंडळातल्या हिशेबनिसाने आमच्या बुवाला फसवलं. बुवाने रचलेलं आणि बुवाने गायलेलं गाणं आज हिशेबनिसाच्या नावावर वाजतं. हे हिशेबनिसाला ठाऊक आहे, त्याच्या बायकोलाही ठाऊक आहे, आणि दुरुस्ती त्याच्या हातात असताना त्याने ती केलेली नाही. पुढे मी जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं उपकारांविषयी आहे, कारण कुवेतमधल्या माणसांनी मला माणूस केलं. पण त्या आभारांच्या गर्दीत ही गोष्ट हरवायला नको, म्हणून ती आधी सांगून टाकली.

नावं मी कुणाचीच लिहीत नाही. बुवाच्या गाण्यावर बुवाचं नाव येत नाही तोवर माझ्या लिखाणातही कुणाला नाव मिळणार नाही. मलाही नाही.

लढाई संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं तेव्हा मी एसी मेकॅनिक म्हणून तिथे गेलो. मी साताऱ्याकडचा, डोकं गरम, जीभ त्याहून गरम. एजंटाने वर्कशॉपचं काम सांगितलं होतं, प्रत्यक्षात धूळ भरलेले डक्ट साफ करायला लावलं. आल्या आल्या मी फोरमनशी भांडलो आणि कंपनीच्या कॅम्पमधली माझी खाट गेली. बॅग घेऊन अबू हलीफाच्या रस्त्यावर उभा होतो. समोरच्या इमारतीत कोकणातली मंडळी राहतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून दार वाजवलं.

आत सुतार, रंगारी, प्लंबर, सगळे घरदार गावी ठेवून आलेले. एकाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत वळून म्हणाला, "बुवा, एक घाटी इलोहा. ह्यो खंय झोपतलो?"

आतून आवाज आला, "माझ्या पायाकडे जागा हा. रात्री लाथ लागली तर बोंब मारूची नाय म्हणान सांग."

तो बुवा. कामाने लादी बसवणारा, आणि गावाकडे डबलबारीत बसणारा भजनी बुवा. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसून भजनातून एकमेकांना सवाल करतात, टोमणे मारतात आणि समोरच्याचा जबाब काढून घेतात. गावंच्या गावं ती ऐकायला लोटतात. अशा माणसाच्या पायाशी मला जागा मिळाली. लाथ एकदाही लागली नाही. उलट मी झोपेत फोरमनला शिव्या घालतो म्हणून सकाळी मलाच बोलणी बसायची.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी चहा झाला की सतरंजी अंथरायची, पेटी, पखवाज, झांजा बाहेर यायच्या. पण भजनाच्या आधी गाऱ्हाणं. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, कारण मलाही तेव्हा ते ठाऊक नव्हतं. कोकणात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. विहीर खणायची असो, नाटक असो, एक जाणता माणूस हात जोडून उभा राहतो आणि देवाला साध्या बोलीत, शेजाऱ्याला सांगावं तसं, काय मांडलंय ते सांगतो. प्रत्येक वाक्याला बाकीचे एका सुरात हुंकार देतात. आमचा बुवा उभा राहायचा आणि म्हणायचा, "बा देवा म्हाराजा, आज तुझी ही लेकरां परक्या मुलखात तुझा नाव घेवक बसलीहत."

"व्हय म्हाराजा."

"ह्येंच्या घराकडे लक्ष ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या घाट्याचा डोक्या जरा थंड कर म्हाराजा."

यावर सगळ्यात मोठा हुंकार यायचा.

पुढे मी शुवैखमध्ये स्वतःचं वर्कशॉप काढलं. तिथल्या बाजारात पहिली बोली ही शिवीच असते, ती ऐकून माझा आवाज चढायचा आणि सौदा हातचा जायचा. एकदा कॉम्प्रेसरचा सौदा असाच फिसकटला तेव्हा बुवा बरोबर होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "मेल्या, समोरच्यान भाव सांगितलो की आधी मनातल्या मनात 'व्हय म्हाराजा' म्हण. मगे तोंड उघड." मी हसलो, पण करून बघितलं. तेवढ्या श्वासात राग एक पायरी उतरतो आणि समोरचा माणूस गप्पपणाला घाबरून स्वतःच खाली येतो. माझं वर्कशॉप त्या दोन शब्दांवर उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल.

हिशेबनीस पुण्याचा. कुवेत सिटीत एका कंपनीत हिशेब लिहायला बसायचा, स्वतःची गाडी होती, लहानपणी रीतसर गाणं शिकलेला. कुणाकडून तरी ऐकून तो एका शुक्रवारी आला आणि येतच राहिला. मला त्याचेही आभार मानायचे आहेत आणि तेच मला खुपतं. माझं पहिलं इंग्रजी कोटेशन त्याने लिहून दिलं. मंडळींचे रजेचे अर्ज, बँकेची कामं, सगळं तो हसतमुखाने करायचा. भजनाच्या शेवटी भैरवी म्हणायची ती त्याच्याकडे दिलेली असायची. गळा चांगला होता. सुरात होता, स्वच्छ होता. तो गाताना कुणी चहाचा कप खाली ठेवत नसे, एवढंच.

बुवाचं एक गाणं मात्र असं होतं की त्या वेळी रस्त्यावरून जाणारा माणूस जिन्यात येऊन उभा राहायचा. ते त्याने कुवेतमध्येच रचलेलं. त्यात भक्त देवाकडे मोक्ष वगैरे काही मागत नाही. तो म्हणतो, मी दूर आहे, तर माझ्या वाटणीची कामं तेवढी तू उरक. गाईला पाणी दाखव, सरकलेली कौलं सारखी कर, मुलगी शाळेत पोचली का बघ, आणि माझ्या आईने विचारलंच तर मी बरा आहे म्हणून सांग. शेवटच्या कडव्यात देव थकून ओसरीवर बसतो आणि भक्ताची बायको त्याला गुळपाणी देते. मी तोवर रडणाऱ्या पुरुषांकडे तुच्छतेने बघत असे. त्या गाण्याच्या वेळी मी खिडकीकडे तोंड करून झांज वाजवायचो.

दोन हजार साल उलटल्यावर बुवाचं काँट्रॅक्ट संपत आलं. तो गेला की हे गाणं जाणार. टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेट्स होत्या, पण त्यात गाण्यापेक्षा खोकला जास्त. मी म्हटलं, सीडी काढायची. कुठल्या कंपनीच्या दारात उभं राहायचं नाही, आपली आपण काढायची.

शुवैखमध्ये एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर एका लेबनानी माणसाचा स्टुडिओ होता. दुकानांच्या जाहिराती भरायचा. त्याने भाव सांगितला. मी मनात 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि छताकडे बघितलं. एसी कण्हत होता. मी म्हटलं, हे मशीन या उन्हाळ्यात बसणार. तो म्हणाला, हो, मलाही तीच भीती आहे. सौदा असा झाला की मी त्याची सगळी मशिनं नवी करून द्यायची आणि त्याने आमची सीडी भरून द्यायची. मी इतकं सुंदर काम केलं की खोली फ्रिजसारखी झाली. मग रेकॉर्डिंगच्या दिवशी तो म्हणाला, एसी बंद करा, माइकमध्ये घरघर येते.

जून महिना होता. पखवाजाच्या तोंडाला लावलेली कणीक वाळून तडकायला लागली, पुन्हा पुन्हा पाण्याचा हात लावून मळायची. सुतार म्हणाला, "घाट्यान एसी दुरुस्त केल्यान तो खास बंद ठेवूक." बुवा अंगातला शर्ट काढून पंचा पांघरून बसला. पहिल्यांदा गाऱ्हाणं. ते चालू असताना लेबनानी माणसाने मशीन थांबवलं आणि आमच्यातल्या चाचाला विचारलं, हे काय आहे, गाणं आहे का?

चाचा रत्नागिरीकडचा मुसलमान, अबू हलीफात त्याचं मोबाइल आणि कॉम्प्युटरचं दुकान. अरबी तोच चांगलं बोलायचा. तो म्हणाला, "दुआ आहे."

लेबनानी माणसाने हातातली सिगारेट विझवली. म्हणाला, दुआ असेल तर ती स्वतंत्र ठेवू, तिला स्वतःचा नंबर देऊ, गाण्यात मिसळायची नाही. अशा रीतीने गाऱ्हाणं एक नंबरला गेलं आणि त्यामागून नऊ भजनं. बुवाचं गाणं नऊ नंबरला आलं आणि हिशेबनिसाची भैरवी शेवटी, दहा नंबरला. मधली सगळी भजनं मंडळाने मिळून म्हटलेली. एकट्याने गायलेली ही दोनच.

कव्हर चाचाने छापून आणलं. त्यावर सगळं बरोबर होतं, गाऱ्हाणंसुद्धा. बुवा ते हातात धरून किती वेळ बघत होता. स्वतःच्या नावावर बोट ठेवून म्हणाला, "लादी बसवलंय इतक्या घरांत, पण खंयच्या लादीर माझा नाव नाय."

काही दिवसांनी तो गावी गेला. मी विमानतळावर सोडायला गेलो. बॅगेत सीडींचा गठ्ठा, वर मुलीसाठी घेतलेला फ्रॉक.

त्याच वर्षी मराठी लोकांच्या एका स्नेहसंमेलनात मी जेवणाच्या रांगेत उभा होतो. पुढे हिशेबनीस आणि त्याची बायको. एक गृहस्थ लगबगीने आले आणि त्याला म्हणाले, "काय गायलात हो तुम्ही. देवाला कौलं सारखी करायला सांगता ते. कॉम्प्युटरवर उतरवून घेताना तुमचं नाव वाचलं. आम्ही गाडीत रोज लावतो, हिचे तर डोळे भरून येतात."

मला वाटलं आता तो म्हणेल, अहो ते माझं नाही. त्याने हात जोडले आणि मान झुकवून म्हणाला, "तुमचं प्रेम आहे."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. मी हातातली ताटली टेबलावर ठेवली आणि न जेवता बाहेर पडलो. तिथे थांबलो असतो तर संमेलन उधळलं असतं.

दुसऱ्या दिवशी चाचाच्या दुकानात गेलो. त्याने सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली, इंटरनेट लावलं आणि पडद्यावर गाण्यांची नावं आली. नऊ नंबर दाबला. बुवाचा आवाज, आणि पडद्यावर 'भैरवी', पुढे हिशेबनिसाचं नाव. दहा नंबर दाबला. हिशेबनिसाची खरी भैरवी, आणि नावाच्या जागी नुसतं 'ट्रॅक दहा'.

"हे सीडीतच भरलंय का?" मी विचारलं.

"सीडीत नाव नसतंच रे भाई," चाचा म्हणाला. "आपल्या सीडीत फक्त किती गाणी आणि प्रत्येक किती लांब, एवढंच. कॉम्प्युटर ती लांबी मोजतो आणि इंटरनेटवरच्या एका मोठ्या यादीला विचारतो, अशी सीडी कुणी पाहिली आहे का? ज्याने पहिल्यांदा घातली असेल त्याने टाइप केलेली नावं जगात सगळ्यांना दिसतात."

"आणि आपली कुणी टाइप केली?"

"आपल्यात घरी इंटरनेट कुणाकडे आहे?"

एकाकडेच होतं. मग चाचाने पडद्यावरची यादी वरून खाली वाचत गंमत समजावली. पुण्याच्या माणसाला गाऱ्हाणं हे गाणं वाटलं नव्हतं. आमच्यासाठी ती कामाची सुरुवात, त्याच्यासाठी गाण्याआधीची बडबड. त्याने एक नंबरला पहिल्या भजनाचं नाव टाकलं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक नाव एक घर वर सरकलं. शेवटी भैरवीचं नाव बुवाच्या गाण्यावर येऊन बसलं. आणि भैरवी म्हणजे कार्यक्रमाचं शेवटचं गाणं, एवढंच लोकांना ठाऊक. शब्दांशी ताडून बघणार कोण?

इथपर्यंत चूक होती. चुकीबद्दल मी आजही काही म्हणत नाही. इतके शुक्रवार त्याच सतरंजीवर बसून गाऱ्हाण्याला हुंकार देणाऱ्या माणसाला ते मोजायचं सुचू नये याचं वाईट वाटतं, पण तो भाग वेगळा.

मी त्याच्या घरी गेलो. सौम्यपणे सांगितलं, शपथेवर. तो म्हणाला, "अरेच्चा, खरंच की. आजच दुरुस्त करून पाठवतो." मी आभार मानून आलो. मोकळ्या मनाने मानले.

त्याने काही केलं नाही.

मधे काळ गेला. मोबाइलमध्ये गाणी भरायचे दिवस आले. ज्याच्याकडे सीडी होती त्याने ती कॉम्प्युटरमध्ये घालून गाणी उतरवली, नावं आपोआप चिकटली, तिथून ती मोबाइलमध्ये, एकाकडून दुसऱ्याकडे, मुंबईला, तिथून गणपतीला कोकणात. कव्हर कपाटात राहिलं. गाणं एकटंच हिंडलं, आणि परक्या नावाने हिंडलं. बुवाच्या स्वतःच्या गावातली पोरं ते मोबाइलवर लावायची आणि पडद्यावर पुण्याच्या माणसाचं नाव वाचायची.

जत्रेला डबलबारी लागली. एका बाजूला आमचा बुवा. त्याने आपलं गाणं घेतलं. समोरचा बुवा जुना, मुरलेला. त्याला राग-बिग सगळं कळत होतं, हे गाणं भैरवीत नाही हेही कळत होतं. पण हाती आलेला टोमणा कोण सोडतो? त्याने खिशातून मोबाइल काढला, माइकला लावला, दोन ओळी ऐकवल्या, पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचलं आणि भजनातच जोडून म्हणाला की बुवा परदेशातून पैसा आणतात असं ऐकलं होतं, साहेबाचं गाणंही उचलून आणतात हे आजच कळलं. मांडव हसला. बुवाच्या माणसांनी घरून कव्हर आणलं. समोरचा बुवा म्हणाला, कागद काय, कुणीही छापतो.

हे मला बुवाने फोनवर सांगितलं. मी ओरडलो, "मग जबाब काय दिलात?"

"जबाब होतो रे," तो म्हणाला. "तोंडार इलो होतो. पण देवाक कामा सांगणारा गाणा, ता माझा म्हणान भांडत बसू? पेटी मिटलंय आणि उठलंय."

"उठलात? बारी सोडून?"

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

त्यानंतर तो डबलबारीला बसलेला नाही. बोलावणी येतात, तो घसा बसलाय म्हणून सांगतो. त्याची मुलगी मला म्हणाली, "काका, घरीपण म्हणत नाहीत. मी म्हणायला लागले तर उठून बाहेर जातात."

चाचाने आपल्या परीने खटपट केली. त्याने बरोबर नावांची दुसरी यादी पाठवली. ती लागलीही. पण पहिली जात नाही. आता सीडी घातली की कॉम्प्युटर दोन याद्या दाखवून यातली कुठली हवी असं विचारतो आणि लोक वरची, म्हणजे जुनी चुकीचीच, निवडतात. आणि जी गाणी आधीच मोबाइलमध्ये गेली ती कोण परत बोलावणार? चाचा म्हणाला, "आता यादीने होणार नाही भाई. माणसाने होईल."

म्हणून मी दुसऱ्यांदा हिशेबनिसाकडे गेलो. सगळं सांगितलं, डबलबारीसकट. तो म्हणाला, "अहो, हे टेक्निकल आहे. माझ्या हातात काय आहे आता?"

"तुमच्या तोंडात आहे," मी म्हटलं. "बुवाच्या गावी फोन करा. समोरच्या बुवाला सांगा ते गाणं तुमचं नाही."

"एवढ्याशा गोष्टीसाठी? लोक ऐकतात, आनंद घेतात. नावात काय ठेवलंय?"

"काही ठेवलेलं नसेल तर तुमचं काढा आणि त्याचं घाला."

चहा घेऊन आलेली त्याची बायको उभीच होती. ती म्हणाली, "मीही यांना हेच सांगते. लोकांनी स्तुती केली की मला जमिनीत जावंसं वाटतं."

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू आत जा."

मी मनात 'व्हय म्हाराजा' म्हटलं. एकदा पुरलं नाही, पुन्हा म्हटलं. मग चहा तसाच ठेवून उठलो.

आता मी गावी परतलोय. वर्कशॉप पुतण्याकडे आहे. कुवेतचं मी देणं लागतो, आणि ते आनंदाने लागतो. रस्त्यावरच्या माणसाला दार उघडणारे लोक तिथे भेटले. आपल्या देवाचं नसलेलं गाऱ्हाणं ऐकून सिगारेट विझवणारा माणूस भेटला. दुसऱ्याच्या गाण्यासाठी दुकान बंद ठेवून कॉम्प्युटरसमोर बसणारा चाचा भेटला. आणि बुवा भेटला. त्याचं गाणं मी रोज सकाळी लावतो. देव ओसरीवर बसतो, बाई गुळपाणी आणते, आणि पडद्यावर तुमचं नाव येतं, हिशेबनीससाहेब.

मला त्या यादीचं उत्तर नको. यादी चुकून झाली. मला त्या जेवणाच्या रांगेचं उत्तर हवंय. ते गृहस्थ बुवाच्या गाण्यासाठी तुमचे आभार मानत होते, तेव्हा तुम्ही हात का जोडलेत? यंदाही जत्रा आहे, डबलबारी आहे, मांडवात माइक असतो. बुवाला मी आणून पुढे बसवतो, ते माझ्याकडे लागलं. तुम्ही यायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि ते गाणं कुणाचं आहे हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. येताय की नाही?